फोरमनने महाकाव्यं शिकायला घेतली

फोरमनने वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी भारतीय महाकाव्यांचा अभ्यास सुरू केला तो निव्वळ व्याह्याचं तोंड बंद करण्यासाठी. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढे तो त्यात इतका रंगून गेला की नवख्याला वाटावं, या माणसाला जन्मभर हीच ओढ होती आणि लिफ्ट दुरुस्त करण्यात बिचाऱ्याचं आयुष्य फुकट गेलं. तसलं काही नव्हतं. डोक्यात राग होता, आणि रागाला जुंपायला एक काम मिळालं, एवढंच.

लिफ्ट बसवणाऱ्या आणि त्यांची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत तो एकतीस वर्षं होता. फोरमन होऊन बारा वर्षं झाली होती, पण हुद्दा असा अंगाला चिकटला की शेजारी, दुकानदार, सासुरवाडीची माणसं, सगळे त्याला फोरमनच म्हणत. माणूस कामात चोख आणि जिभेने तिखट. हाताखालच्या लोकांना त्याचा एकच धाक होता: बिघाडाचं कारण सापडल्याशिवाय नोंद बंद करायची नाही. "चालू झाली ना, मग झालं की," असं कोणी म्हटलं की फोरमन त्याला पुन्हा गच्चीवरच्या मशीनरूममध्ये पाठवायचा, तेही जिन्याने. कंपनीच्या बिघाडवहीत तीन रकाने छापलेले होते: काय झालं, कधी झालं, कशामुळे झालं. फोरमनने पट्टी घेऊन शेजारी चौथा आखला होता: कोणामुळे झालं. तो रकाना त्याने कधी रिकामा सोडला नाही.

व्याही म्हणजे हेडसर. निवृत्त मुख्याध्यापक. शाळा सुटून सात वर्षं झाली तरी सरपणा काही सुटला नव्हता. त्यांना मुलगा सर म्हणायचा, बायको सर म्हणायची, आणि लग्न होऊन त्या घरात गेलेली फोरमनची एकुलती एक लेकही पहिल्या आठवड्यापासून मुकाट्याने सर म्हणायला लागली. त्यांच्या दिवाणखान्यात भिंतभर पुस्तकं, प्रत्येकाला खाकी कव्हर आणि पाठीवर नंबर. हेडसरांकडे घरातल्या प्रत्येक प्रसंगासाठी महाकाव्यातला एक दाखला तयार असे. दूध उतू गेलं, दाखला. मुलगा उशिरा उठला, दाखला. आणि दाखला असा की त्याचं टोक नेमकं कोणाला तरी लागलंच पाहिजे.

एक मात्र कबूल करायला हवं, आणि फोरमन ते मनातल्या मनात, दात खाऊन, करायचाही. नातीला हेडसर सांभाळायचे. लेक एका रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती, आठच्या ठोक्याला हजर राहावं लागे. जावयाच्या पाळ्या बदलत्या, विहीणबाईंचे गुडघे गेलेले, आणि फोरमनची बायको एका दातांच्या दवाखान्यात दिवसभर फोन घ्यायची. तेव्हा तीन वर्षांच्या ठकीला भरवायचं, धुवायचं, दुपारी गोष्ट सांगून झोपवायचं, हे सगळं हेडसर करायचे. आणि चांगलं करायचे. लेकीची नोकरी त्यांच्या मांडीवर उभी होती, असं म्हटलं तरी चालेल.

दोन्ही घरांनी ठरवून घेतलं होतं की महिन्याच्या पहिल्या रविवारी हेडसरांकडे एकत्र जेवायचं. अशाच एका रविवारी ठिणगी पडली. ताटं वाढून झाली होती. ठकीने काहीतरी बोबडं विचारलं आणि लेक खळखळून हसली. झालं. हेडसरांनी घास खाली ठेवला.

"हसण्यावरून आठवलं," ते म्हणाले. "नव्या महालात पाहुणा म्हणून आलेला तो थोरला राजपुत्र. चकचकीत फरशी समजून पाय टाकला आणि धपकन पाण्यात पडला. आणि वरून राणी हसली! नुसती हसली नाही, त्याच्या आंधळ्या बापावरून टोमणाही मारला. त्या एका हसण्यापायी पुढे कुळंच्या कुळं बुडाली. बाईमाणसाने हसताना भान ठेवावं, सूनबाई."

लेकीचं हसू जागच्या जागी विरलं आणि ठकीला घेऊन ती आत गेली. फोरमनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. लेकीच्या बाजूने काहीतरी बोललं पाहिजे एवढं कळलं, पण या विषयातलं त्याला येत होतं काय? मग जे येत होतं ते बोलला. "पण सर, यात राणीची काय चूक? फरशी आणि पाणी सारखंच दिसत असेल तर कडेला कठडा नको? ज्याने महाल बांधला त्याला धरा ना. आमच्याकडे असं झालं असतं तर दुसऱ्या दिवशी चौकशी लागली असती."

हेडसरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "फोरमन," ते गोड आवाजात म्हणाले, "तुम्ही आपली लिफ्ट सांभाळा. हा मजला तुमचा नाही."

जावई हसला. विहीणबाई हसल्या. आणि आतून, स्वयंपाकघराच्या बाजूने, लेकीचं हसू आलं. निदान फोरमनला तरी ते स्वच्छ ऐकू आलं. हेडसरांचा टोमणा त्याने गिळला असता, पण लेकीचं हसू त्याच्या घशाखाली उतरेना. घरी आल्यावर त्याने बिनबिघडलेला पंखा खोलून पुन्हा बसवला.

तीन दिवसांनी लेक कामावरून परस्पर आईवडिलांकडे आली, तेव्हाही तो धुमसतच होता. तिने पाहिलं, ओळखलं आणि सरळ विषयाला हात घातला.

"बाबा, तुम्ही शिका ना. आमच्या प्रयोगशाळेतल्या एक बाई करतायत. भारतीय महाकाव्यांचा सवडीचा अभ्यासक्रम आहे. वर्गात जायचं नाही, परीक्षेला बसायचं नाही. फोनवर धडे ऐकायचे, आपल्याला जमेल तेव्हा. आठवड्याला एक पान लिहून त्याचा फोटो पाठवायचा. बारा आठवडे."

"मी? या वयात?"

"का? वयाने डोकं बंद पडतं का? पडतं तर तुमची कंपनी तुम्हाला कामावर ठेवते कशाला?"

स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून तिनेच फॉर्म भरला. 'हा अभ्यासक्रम आपल्याला का करावासा वाटतो?' असा एक प्रश्न होता. फोरमन म्हणाला, "लिही, एका शहाण्याला उत्तर द्यायचंय." लेकीने लिहिलं, लहानपणापासूनची आवड. दोघंही हसली. बऱ्याच दिवसांनी बापलेक असे एकत्र हसले होते, आणि फोरमनला वाटलं, जाऊ दे, ते जुनं हसू विसरून जावं. पण विसरला नाही.

निघताना लेक दारात थांबली. "एकच सांगते बाबा. फॉर्म मी भरला हे सरांच्या कानावर जाऊ देऊ नका. त्यांना वाटेल मी त्यांच्याविरुद्ध तुम्हाला उभं केलं. मला तिथे राहायचंय. आणि ठकीला तेच बघतात. उद्या त्यांनी हात वर केले तर मी कामावर जाऊच शकत नाही."

"वेडी का खुळी तू? माझ्या तोंडून शब्द बाहेर पडायचा नाही," फोरमन म्हणाला.

आणि मग जे सुरू झालं ते बघून त्याच्या बायकोने कपाळाला हात लावला. त्याने शंभर पानी वही आणली, तिला कव्हर घातलं. पहिल्या धड्याच्या दिवशी सकाळी सहाला उठून दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि फोन डब्याला टेकवून ताठ बसला.

"अहो, शिकवणाऱ्या त्या बाईंना तुम्ही दिसत नाही," बायको म्हणाली.

"मला बाई दिसतात ना?" फोरमन म्हणाला.

शाळेत असताना एकाही मास्तरने त्याला दुसऱ्यांदा काही समजावून सांगितलं नव्हतं. पुन्हा विचारलं की छडी, नाहीतर वर्गाबाहेर. इथे बाई बोलता बोलता बोटाने थांबवता येत होत्या. मागे नेता येत होत्या. एकच वाक्य चार वेळा म्हणायला लावलं तरी त्यांचा आवाज चढत नव्हता. फोरमन हरखून गेला. जेवणाच्या सुट्टीत तो कुठल्यातरी इमारतीच्या मशीनरूममध्ये जाऊन बसायचा, कानात हेडफोन, मांडीवर वही, डबा बाजूला तसाच. खाली लिफ्ट हलली की चाक फिरायचं, थांबायचं, आणि त्या घरघरीत तो राजांच्या वंशावळी लिहून घ्यायचा. कोणाचा बाप कोण आणि कोणी कोणाला कसला शब्द दिला, याचे बाण काढून त्याने वहीच्या मधल्या दोन पानांवर एक नकाशाच तयार केला होता, वीजजोडणीचा काढतात तसा. कंपनीतले लोक दबक्या आवाजात म्हणू लागले की फोरमन आता शिव्या कमी देतो. खरं होतं. त्याला वेळच नव्हता.

त्या दिवसांत त्याने राग पार सोडून दिला असता तर? धडे होते, वही होती, सकाळी सहा वाजताचं ताजंतवानं डोकं होतं. एवढ्यावर माणूस सुखात राहू शकतो. पण फोरमनला सुखापेक्षा हेडसरांचा पडलेला चेहरा जास्त हवा होता.

चौथ्या आठवड्यात घबाड हाती लागलं. बाई सांगत होत्या की देशभरच्या जुन्या पोथ्या एकमेकींशी ताडून, मागाहून घुसलेलं बाजूला काढून पंडितांनी एक पाठ तयार केला आहे. आणि त्या पाठात राजपुत्र पाण्यात पडतो तेव्हा हसतात ते यजमान भाऊ आणि नोकरचाकर. राणी त्या प्रसंगात दिसतच नाही. आंधळ्या बापावरचा तो टोमणा तर कुठेच नाही. राणी हसली असं पहिल्यांदा कोण म्हणतं? स्वतः राजपुत्र. घरी परतल्यावर, बापाजवळ तक्रार करताना.

फोरमनने धडा थांबवला. मागे नेला. पुन्हा ऐकला. मग तो मशीनरूममध्ये असा ताडकन उभा राहिला की डोकं वरच्या लोखंडी तुळईला आपटलं. टेंगूळ चोळत तो मोठ्यांदा म्हणाला, "सापडला! बिघाड सापडला!" खाली मजल्यावर कोणीतरी ओरडून विचारलं, लिफ्ट बंद करू का म्हणून.

त्या आठवड्याचं पान त्याने बिघाडवहीसारखं लिहिलं. काय झालं: पाहुणा पाण्यात पडला. कधी झालं: महाल बघताना. कशामुळे झालं: कठडा नव्हता, सूचनेची पाटी नव्हती. कोणामुळे झालं: बांधणाऱ्यामुळे, आणि पुढची बदनामी, ज्यांनी न बघता गोष्टीत हसणारी बाई घातली आणि ज्यांनी न तपासता ती पुढे सांगितली, त्यांच्यामुळे. 'ज्यांनी न तपासता' या शब्दांखाली दोन रेघा.

बाईंचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. फोरमनने ते बायकोला वाचून दाखवलं. "तुमचं पान या आठवड्यात मला सगळ्यात जास्त आवडलं. चौथा रकाना तर फारच." त्याने हे वाक्य पाच वेळा वाचलं. सहाव्या वेळी बायकोने फोन त्याच्या हातातून घेतला.

"खाली अजून आहे की. 'पण ती हसली असं त्या राजपुत्राला का वाटलं असेल, याचाही विचार करून पाहा.'" तिने फोन बाजूला ठेवला. मग म्हणाली, "अहो, एक विचारू? त्या रविवारी आपली लेक हसली म्हणून तुम्ही महिनाभर तोंड फुगवून बसलात. ती हसली कुठे? ठकीचे हात धुवायला ती आत आली होती, मी होते तिच्याबरोबर. हसायचं सोडा, रडू दाबत उभी होती पोर."

"मी ऐकलं."

"तुम्ही त्यांचं हसणं ऐकलंत आणि वर तिचं स्वतः घातलंत."

हे फोरमनच्या जिव्हारी लागलं, नाही असं नाही. लेकीला फोन करावा असं त्याच्या मनात आलंसुद्धा. पण फोन करून म्हणायचं काय? आणि मग त्याच्या डोक्याने झटकन दुसरी वाट काढली: लेक रडत होती ना? मग तर हेडसरांना सोडताच कामा नये.

"येत्या रविवारी दाखवतो त्यांना," तो म्हणाला.

"काही दाखवू नका. तुम्हीच तुमच्या माणसांना सांगता ना, लिफ्टमध्ये माणसं असताना पॅनेल उघडायचं नाही म्हणून? त्या घरात आपली पोर आहे."

"ती लिफ्ट. हे जेवण."

"तेच म्हणते मी," बायको म्हणाली आणि पाठ फिरवून झोपली.

रविवारी फोरमन शर्टाच्या खिशात, धड्यातला मजकूर लिहून घडी घातलेला कागद घेऊन गेला. आणि नेमके त्या दिवशी हेडसर लोण्यासारखे मऊ! दाखला नाही, टोमणा नाही. ठकीला मांडीवर घेऊन भरवत होते, लेकीने केलेल्या भाजीला चांगलं म्हणाले, फोरमनला आग्रह करून दुसऱ्यांदा वाढायला लावलं. फोरमनची पंचाईत झाली. जेवण संपत आलं आणि भांडणाला जागा मिळेना. शांतपणे जेवून, हात धुवून घरी यायला त्याला कोणी अडवलं नव्हतं. पण खिशातला कागद त्याला गप्प बसू देईना.

"सर," तो म्हणाला, "ती पाण्यात पडल्याची गोष्ट सांगा ना एकदा. ठकीलाही आवडते."

बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरा कोणी असता तर तिथेच गार पडला असता. हेडसर मात्र खुलले. फोरमनने आपण होऊन गोष्ट मागावी! त्यांनी ठकीला नीट धरलं आणि रंगवून रंगवून सांगितली. राजपुत्राचा रुबाब, चकाकणारी फरशी, मग 'धप्प!' म्हणून नातीला गुडघ्यावरून खाली सोडून पुन्हा वर उचललं. ठकी खिदळली. आणि मग राणी हसली, हेडसरांनी बारीक आवाज काढून तिचं हसू हसून दाखवलं.

"राणी तिथे नव्हती," फोरमन म्हणाला.

"काय?"

"नव्हती. जुन्या पोथ्या ताडून जो पाठ केलाय त्यात भाऊ हसतात, नोकर हसतात. टोमणा तर कुठेच नाही. राणी हसली हे तो घरी जाऊन बापाला सांगतो. तुम्ही जे सांगता ते मागाहून घुसडलेलं आहे." त्याने घडी उलगडून कागद ताटांच्या मधोमध ठेवला.

हेडसरांनी कागदाला हात लावला नाही. "पारंपरिक कथा अशीच आहे," ते म्हणाले.

"कथा असेल. पोथीत नाही. बघ रे तू," फोरमनने जावयाला फर्मावलं.

जावई गरीब स्वभावाचा. त्याने फोन काढला, दोन-तीन ठिकाणी वाचलं, आणि खाली मान घालून म्हणाला, "सर, खरंय ते."

हेडसरांचा चेहरा पडला. फोरमनला हवा होता तस्साच. इथे थांबला असता तरी निभावलं असतं. एखादा विनोद केला असता, पाणी मागितलं असतं, तर हेडसरांनीही ते हसण्यावारी नेलं असतं कदाचित. पण महिनाभर तापवलेलं असं थोडंच निवतं?

"तीस वर्षं शाळेतल्या पोरांना हेच शिकवलंत ना?" तो म्हणाला. "आणि माझ्या लेकीला वर भान ठेवायला सांगता? मला म्हणालात हा मजला माझा नाही. तुमचा तरी होता का?"

टेबलावर कोणी जेवेना. हेडसरांचे कान लाल झाले होते. "कोणाकडून घोकून आलात एवढं?"

"घोकून नाही, शिकून! रीतसर अभ्यासक्रम करतोय. बाईंनी माझं पान पहिलं काढलं. आणि फॉर्म कोणी भरला माहितीये? माझ्या लेकीने! तिला बापाची किंमत आहे म्हणून भरला!"

शब्द बाहेर पडला आणि फोरमनला कळलं. जिभेला हात घालून तो परत आत ढकलता आला असता तर त्याने ढकलला असता. त्याने लेकीकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघतच नव्हती. ती सासऱ्यांकडे बघत होती.

"असं," हेडसर म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "म्हणजे माझ्या घरात राहून, माझ्या जिवावर कामाला जाऊन, माझा पाणउतारा करायची तयारी चालली होती."

"सर, तसं नाही हो. त्यांना आवड म्हणून—"

"मला कळतं कसं ते." त्यांनी ठकीला मांडीवरून उतरवून जमिनीवर उभं केलं. "उद्यापासून हिला तुझे विद्वान वडील सांभाळतील. या म्हाताऱ्याच्या चुकीच्या गोष्टी कानावर नकोत पोरीच्या."

विहीणबाई मुकाट्याने ताटं गोळा करू लागल्या. कागदावर कोणाच्या तरी ताटातली आमटी सांडली होती. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही निघा आता."

सोमवारी सकाळी सव्वासातला ती ठकीला घेऊन फोरमनच्या दारात उभी होती. पाळणाघरात पुढचे दोन महिने जागा नव्हती, तिचं सगळीकडे विचारून झालं होतं. फोरमनने कंपनीत पंधरा दिवसांची रजा टाकली होती, सतरा वर्षांत पहिल्यांदा. "चहा घे ना," तो म्हणाला. लेक म्हणाली, "पिशवीत दोन जोड कपडे आहेत. दूध कोमट लागतं. एक वाजता झोपते." आणि जिना उतरून गेली. हेडसरांचं घर तिच्या प्रयोगशाळेपासून पाच मिनिटांवर, फोरमनचं गावाच्या दुसऱ्या टोकाला. त्या दिवशी तिला कामावर उशीर झाला. मंगळवारी झाला. बुधवारी साहेबीणबाईंनी तिला आत बोलावून घेतलं.

फोरमन सकाळ कशीबशी निभावून न्यायचा. बटाट्याच्या गाड्या, डब्यांची लिफ्ट, दोरीने वर-खाली. पण एक वाजला की गाडं अडायचं. ठकीला झोपायला गोष्ट लागायची, आणि ती एकच.

"धप्पची सांग."

फोरमन सांगायचा, अभ्यास केलेल्या माणसाने सांगावी तशी. राजपुत्र आला, फरशी समजला, धप्प झाला. भाऊ हसले. नोकर हसले.

"मग राणी हसली," ठकी म्हणायची.

"राणी तिथे नव्हती, बाळा."

"होती! सरआजोबांची राणी हसते!"

"ते चुकीचं आहे."

"तू चुकीचा आहेस," ठकी म्हणायची आणि भोकाड पसरायची. मग सरआजोबा पाहिजेत, आत्ता पाहिजेत, दार उघड. पहिल्या दिवशी फोरमनने समजावलं. दुसऱ्या दिवशी आवाज चढवला. तिसऱ्या दिवशी ती रडून रडून ओकली. चारही दिवस पोर दुपारची झोपली नाही, आणि संध्याकाळी चिरचिरत आईच्या खांद्यावर गेली. सहाव्या आठवड्याचा धडा फोनमध्ये तसाच पडून होता. फोरमनने दोनदा लावला आणि दोनदा बंद केला.

शुक्रवारी त्याने हात टेकले. ठकीला मांडीवर घेतलं, 'धप्प' म्हणून खाली सोडलं, वर उचललं. आणि मग घसा साफ करून बारीक आवाज काढला. राणी हसली. ठकी डोळे मोठे करून म्हणाली, "अजून." राणी अजून हसली. तिने टोमणाही मारला, आंधळ्या बापावरून, हेडसरांच्याच शब्दांत, हेडसरांच्याच चालीवर. ठकी समाधानाने कुशीवर वळली आणि पाच मिनिटांत झोपली. फोरमन तरी तसाच हलक्या आवाजात राणीला हसवत राहिला, न जाणो पुन्हा उठली तर.

दार नुसतं लोटलेलं होतं. त्याने वर पाहिलं तेव्हा लेक उंबऱ्यात उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

"लवकर सुटलीस?" त्याने कुजबुजत विचारलं.

"नोकरी सोडली," ती म्हणाली. "रोजचा उशीर चालणार नाही म्हणाले. सोमवारपासून हिला आणणार नाही."

"अगं, असं काय करतेस? थांब ना जरा. आता जमलंय मला. बघ, माझ्याजवळ झोपायला लागली ती. कशी शांत झोपलीय बघ."

"ऐकलं मी, कशी झोपली ते." लेक आत आली आणि पिशवीत कपडे भरू लागली. "बाबा, राणीला हसवायचंच होतं, तर त्या दिवशी तिथे गप्प बसायला काय झालं होतं तुम्हाला?"

लेकीने झोपलेली पोर त्याच्या मांडीवरून उचलून खांद्यावर घेतली. तो दार धरायला उठला, तोवर तिने ते कोपराने उघडलं होतं.